खेळण्यातील मोटारी, जर्मन

मुलांच्या खेळासाठी जर्मनीत तयार झालेल्या पत्र्याच्या, जस्ताच्या मिश्रधातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान मोटारी, तसेच त्यांच्यामागे जोडावयाच्या कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरच्या लहान निवासगाड्या यांचा हेतुपूर्वक संग्रह करणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष रूढ झालेला छंद होय. पोस्टाची तिकिटे किंवा नाणी यांच्या संग्रहाहून तो एका बाबतीत वेगळा आहे. तिकीट व नाणे यांवर त्यांचा देश, मूल्य आणि पुष्कळदा वर्षही छापलेले असते. खेळण्यावर मात्र बहुधा एखादी खूण, एखादे अर्धवट वाक्य वा क्रमांक एवढेच असते. शिवाय खेळणे हे मोडण्यासाठीच मुलाच्या हाती दिलेले असते. जे टिकते ते थोडे आणि बहुधा अपुरे असते. त्यामुळे अशा संग्रहाचे खरे मोल वस्तूंच्या संख्येत नसून, प्रत्येक वस्तूविषयी कोणती माहिती तिच्याबरोबर टिकून राहिली यावर अवलंबून असते. [⟶ खेळणी, छंद].

पूर्वपीठिका : चाकांवर चालणारी लहान वाहने ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. सिंधू संस्कृतीच्या स्थळी मातीच्या गाड्या व त्यांची चाके मोठ्या संख्येने सापडली आहेत. महाराष्ट्रातील या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथील आहे. प्रवरा नदीकाठच्या या गावी १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ असून तो सु. ४५ सेंमी. लांब व १६ सेंमी. रुंद आहे, हत्ती, गेंडा व रेडा यांच्या आकृत्याही चाके बसविण्याची सोय असलेल्या पीठांवर उभ्या आहेत. या चार वस्तूंचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक असल्यामुळे ती मुलांची खेळणी नसून मिरवणुकीत किंवा विधीत ओढण्यासाठी केली असावीत, असे मत मांडले गेले आहे. मात्र या वस्तू पद्धतशीर उत्खननात मिळाल्या नाहीत. झाडाचे मूळ खणताना त्या एका ग्रामस्थाला सापडल्या. त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या याची नोंद त्या क्षणी होऊ शकली नाही आणि म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू हाती असूनही तिचा संदर्भ हरवला की तिची साक्ष कशी अधुरी राहते, याचे हे ठळक उदाहरण आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या मोटारीलाही हाच नियम लागू पडतो.

इतिहास : न्यूरेंबर्ग हे बव्हेरियातील शहर मध्ययुगापासून बाहुल्या व लाकडी खेळणी यांसाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पत्र्याच्या खेळण्यांचे कारखाने उभे राहिले. इग्नाट्स व आडोल्फ या बिंग बंधूंची पेढी १८६३ मध्ये स्थापन झाली; ती आरंभी घरगुती भांड्यांचा व्यापार करीत असे व पुढे खेळण्यांकडे वळली. झॉर्झ कॅरेट या फ्रेंच गृहस्थाने १८८६ मध्ये न्यूरेंबर्गमध्येच आपला कारखाना काढला. गोपिंगेनची मेर्क्लिन कंपनी (स्था. १८५९) आणि ब्रांडनबर्गची लेमान कंपनी (स्था. १८८१) या न्यूरेंबर्गबाहेरच्या, पण तितक्याच नामांकित पेढ्या होत. कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे एकस्व १८८६ मध्ये मिळविले. त्यानंतर काही वर्षांतच किल्लीच्या मोटारी खेळण्यांच्या बाजारात आल्या. रस्त्यावरची मोटार ही अद्याप नवलाईची व श्रीमंतांची वस्तू असताना तिची पत्र्याची प्रतिकृती मध्यमवर्गीय घरातील मुलाच्या हाती पोहोचली होती.

पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यांच्या जागतिक निर्यातीत जर्मनी अग्रेसर होता. युद्धामुळे हा व्यापार तुटला. फ्रेंच नागरिक असलेल्या कॅरेटचा कारखाना १९१७ मध्ये बंद झाला. दरम्यान १९१२ मध्ये हाइन्रिख म्यूलर व हाइन्रिख श्रायर यांनी न्यूरेंबर्गमध्ये काढलेल्या पेढीने १९२१ पासून ‘शूको’ हे नाव घेतले. १९३० नंतरच्या दशकात या कंपनीने खेळण्यातील मोटारीला यंत्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. तिची ‘वेंडेआउटो’ (वळणारी मोटार) टेबलाच्या कडेशी आली की खाली पडत नसे. पुढची चाके कडेबाहेर गेली की पोटाखालचे आडवे चाक टेबलावर टेकून गाडीला बाजूला वळवीत असे. ‘एक्झामिको’ ही बी. एम. डब्ल्यू. ३२८ या मोटारीवर बेतलेली गाडी असून तिला क्लच, हातब्रेक व वेग बदलण्याची दांडी होती. ‘स्टूडिओ’ ही मर्सिडीझच्या शर्यती मोटारीवरून केलेली गाडी लहान हत्यारांसह मिळे व तिची चाके मुलाला स्वतः काढून बसविता येत.

या उद्योगाच्या इतिहासात १९३३ हे वर्ष निर्णायक ठरले. न्यूरेंबर्गच्या अनेक पेढ्यांचे मालक ज्यू होते. बिंग यांची अवाढव्य कंपनी आर्थिक मंदीत १९३२ मध्ये कोलमडली होतीच. नाझी राजवट आल्यावर टिप आणि कंपनीचे मालक फिलिप उलमान यांना देश सोडावा लागला. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथे त्यांनी १९३३ मध्ये ‘मेटॉय’ ही कंपनी काढली. याच मेटॉयने १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ या नावाने जस्ताच्या मिश्रधातूच्या मोटारी बाजारात आणल्या. न्यूरेंबर्गचे कसब अशा रीतीने निर्वासितांबरोबर परदेशी गेले. संग्राहकाच्या मांडणीवर टिप कंपनीची पत्र्याची मोटार व कॉर्गीची मोटार शेजारीशेजारी दिसली, तर त्यांच्यामधील नाते तंत्राचे नसून माणसांचे आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने पुन्हा सुरू झाले. १९५० पासून न्यूरेंबर्ग येथे खेळण्यांची आंतरराष्ट्रीय व्यापारी जत्रा भरू लागली. पत्र्याच्या मोटारींना आता जपानी मालाची स्पर्धा जाणवू लागली होती. दुसरीकडे, प्लॅस्टिकचा वापर वाढत होता. युद्धापूर्वी जहाजांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या ‘वीकिंग’ कंपनीने १९४८ पासून प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी काढल्या. ल्यूडेनशाइट येथील रिखार्ट झीपर यांच्या कारखान्याने (स्था. १९२१) ‘झीकू’ या नावाने प्रथम प्लॅस्टिकच्या व १९६३ पासून धातूच्या मोटारी केल्या. शूकोनेही ‘पिकोलो’ ही भरीव धातूच्या चिमुकल्या मोटारींची माला काढली. तथापि ही कंपनी १९७६ मध्ये बंद पडली. तिचे नाव पुढे वेगवेगळ्या मालकांकडे गेले आणि १९९९ पासून ते झिंबा-डिकी या उद्योगसमूहाकडे आहे.

निर्मितितंत्र : जुन्या जर्मन मोटारी तीन तंत्रांनी तयार झाल्या. (१) पत्र्याच्या मोटारी : अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पोलादी पत्र्याला कथिलाचा मुलामा दिलेला असे. आरंभी पत्र्याचे तुकडे डाख देऊन जोडीत व हाताने रंगवीत. पुढे सपाट पत्र्यावरच शिलामुद्रणाने खिडक्या, दिवे, चालक, प्रवासी इ. तपशील छापून मग पत्रा दाबयंत्राने कापण्यात व वाकविण्यात येऊ लागला. एका तुकड्याच्या कडेच्या जिभा दुसऱ्याच्या खाचांतून घालून आत दुमडल्या की गाडी उभी राही. गती देण्यासाठी घड्याळातल्यासारखी पोलादी कमान व दातेरी चाके असत. अशा गाडीला मराठीत ‘किल्लीची मोटार’ हे नाव पडले. (२) दाब-ओतकामाच्या मोटारी : सु. ४ टक्के ॲल्युमिनियम असलेला जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. एका साच्यातून हजारो सारख्या गाड्या निघतात व पत्र्यात न साधणारे बारकावे त्यांत उतरतात. (३) प्लॅस्टिकच्या मोटारी : तापवून मऊ केलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून त्या करतात. वीकिंगच्या आरंभीच्या मोटारी सेल्युलोज ॲसिटेटच्या असून त्यांच्या खिडक्यांत काचेचा आभास नसे. नंतर पॉलिस्टायरीन व पारदर्शक खिडक्या आल्या.

आकारमानाचा विचार प्रमाणाच्या भाषेत करतात. मेर्क्लिनने १८९१ च्या लाइपसिक जत्रेत खेळण्यातील आगगाड्यांसाठी रुळांची ठराविक मापे मांडली व त्यांवरूनच पुढे मोटारींची प्रमाणे ठरत गेली. १ : ४३ आणि त्याच्या जवळजवळ निम्मे असलेले १ : ८७ ही प्रमाणे विशेष प्रचलित आहेत. सु. ४·०७ मी. लांबीची फोक्सवॅगन ‘बीटल’ मोटार पहिल्या प्रमाणात सु. ९५ मिमी., तर दुसऱ्यात सु. ४७ मिमी. भरते. जुन्या पत्र्याच्या मोटारींना मात्र असे काटेकोर प्रमाण नसे. खोक्याचा आकार व कमानीची जागा पाहून त्यांची लांबी-रुंदी ठरविली जाई.

निवासगाड्या : मोटारीमागे जोडून ओढावयाची कॅरव्हॅन जर्मनीत प्रथम १९३१ मध्ये आल्प्सच्या पायथ्याजवळील इस्नी गावी आरिस्ट डेटलेफ्स यांनी तयार केली. त्यांचा कौटुंबिक व्यवसाय चाबूक व बर्फावरून घसरत जाताना वापरावयाच्या काठ्या बनविण्याचा होता. विक्रीसाठी सतत प्रवास करताना कुटुंबाला बरोबर नेता यावे, हा या गाडीमागील हेतू होता. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत मध्यमवर्गाला मोटार व पगारी रजा दोन्ही मिळू लागल्यावर कॅरव्हॅनचा प्रसार झपाट्याने झाला. वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसविता येणारी निवाससामग्रीची पेटी काढली. विमान अभियंता एरिख बाखेम व एर्विन हायमर यांनी १९५७ च्या सुमारास हलक्या, गोलसर ‘एरिबा’ कॅरव्हॅनची निर्मिती आरंभिली.

खेळण्यांच्या कारखान्यांनी या बदलाची तत्काळ दखल घेतली. झीकू, वीकिंग यांच्या मालांमध्ये मोटारीबरोबर कॅरव्हॅनही दिसू लागल्या. ४·५ मी. लांबीची कॅरव्हॅन १ : ८७ प्रमाणात जेमतेम ५२ मिमी. होते, तरीही मोठ्या प्रमाणाच्या काही नमुन्यांत उघडणारे दार, निजण्याचे फळकुट, जेवणाचे मेज व शेगडी असे तपशील आढळतात. मराठी वाचकाला यात भातुकलीचे तत्त्व ओळखू येईल. भातुकलीत स्वयंपाकघर लहान होऊन मुलींच्या हाती येते, तर कॅरव्हॅनमध्ये ते चाकांवर चढून मुलांच्या हाती येते. जर्मन खेळण्यांत मोटार ही बराच काळ मुलांची व बाहुलीघर मुलींचे, अशी काटेकोर विभागणी होती. कॅरव्हॅनमुळे मोटार व घर ही दोन्ही एकाच खेळण्यात आली, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. [⟶ भातुकली].

संग्रहात कॅरव्हॅन या मोटारींहून दुर्मिळ ठरतात. त्यांना स्वतःची गती नसल्यामुळे मुले त्या लवकर बाजूला टाकीत. जोडणीचा आकडा हा सर्वांत नाजूक भाग असल्यामुळे तो प्रथम तुटे आणि आकडा नसलेली कॅरव्हॅन निरुपयोगी समजून फेकली जाई. मूळच्या जोडीतील मोटार व कॅरव्हॅन एकत्र मिळणे म्हणूनच महत्त्वाचे असते. कोणत्या मोटारीने कोणती कॅरव्हॅन ओढावी, हे कारखान्याच्या सूचीपत्रावरून किंवा खोक्यावरील चित्रावरून ताडून पाहतात.

भारत व महाराष्ट्र : जर्मन कारखानदारी मालाची ओळख महाराष्ट्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. ‘जर्मन सिल्व्हर’ व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना लोकांनी दिलेले ‘जर्मनची भांडी’ हे नाव, यांतून या ओळखीची खूण भाषेत उरली आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबई बंदरातून येणाऱ्या किरकोळ मालात जर्मन खेळण्यांचाही समावेश असे. युद्धामुळे ही आयात थांबली व ती जागा मोठ्या प्रमाणावर जपानी खेळण्यांनी घेतली. स्वातंत्र्योत्तर काळात ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर कडक नियंत्रणे आली. ती क्रमाने शिथिल होत जाऊन उरलेले परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले. मधल्या काळात महाराष्ट्रातील घरांत आलेली जर्मन मोटार ही सामान्यतः दुकानातून आलेली नसे. शिक्षणासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा बोटीवरील नोकरीमुळे परदेशी गेलेल्या नातेवाइकाने ती सामानातून आणलेली असे. अशी मोटार बहुधा मुलाच्या हाती कमी व शोकेसमध्ये अधिक राही. तिच्या टिकून राहण्याचे ते एक कारण आहे.

याच काळात भारतात दाब-ओतकामाच्या मोटारींची निर्मिती सुरू झाली. कलकत्त्याच्या ‘निकी टॉईज’ या मोटारी इंग्लंडच्या डिंकी मोटारींच्या वापरून झालेल्या साच्यांतून, तर तेथीलच ‘मिल्टन’च्या काही मोटारी कॉर्गीच्या जुन्या साच्यांतून निघाल्या. कॉर्गीमागील मेटॉय कंपनीची उत्पत्ती लक्षात घेता, भारतीय मुलांच्या हाती आलेल्या या स्वस्त मोटारीतही न्यूरेंबर्गच्या परंपरेचा दूरचा अंश होता. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाने खेळणी काढली व १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मॅटेल कंपनीच्या सहकार्याने मोटारीही तयार केल्या. अशा भारतीय मोटारींना आता परदेशी संग्राहकांकडून मागणी असते; महाराष्ट्रात मात्र त्या अजूनही भंगारात निघतात.

खऱ्या वाहनांच्या बाबतीत महाराष्ट्राचा जर्मनीशी असलेला संबंध अधिक दृढ आहे. मूळच्या अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबातील न. कुं. फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) ही कंपनी स्थापन झाली. जर्मनीतील फिडाल आणि पुत्र यांच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तिने ‘हानझेआट’ ही तीनचाकी मालगाडी भारतात आणली आणि १९६९ मध्ये ‘मॅटॅडोर’ ही व्हॅन काढली. ‘टेम्पो’ हे जर्मन व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. युद्धोत्तर जर्मन खेळण्यांत टेम्पो व तिची प्रतिस्पर्धी गोलिआट यांसारख्या तीनचाकी मालगाड्यांचा वर्ग आहे. वीकिंगची गोलिआट हे त्याचे परिचित उदाहरण होय. जर्मन संग्राहकाला ती टंचाईच्या काळाची आठवण वाटते. मराठी माणसाला तीत मंडईच्या वाटेवरची ओळखीची गाडी दिसते. एकच वस्तू दोन देशांत वेगळी साक्ष देते ती अशी.

संग्रहाच्या वृत्तीला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी, खेळणी अशा नित्याच्या वस्तू जमवून पुण्यात उभारलेले व १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय, हे सामान्य वस्तूही इतिहासाची साधने ठरतात याचे उदाहरण होय. पुण्यातच कोथरूड येथे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात प्रमाणबद्ध आगगाड्या, रस्ते व वाहने एकत्र पाहावयास मिळतात. जर्मनीत न्यूरेंबर्गचे खेळणी संग्रहालय १९७१ मध्ये उघडले असून लिडिया बायर यांचा खाजगी संग्रह हा त्याचा पाया आहे. बाट वाल्डझे येथील हायमर संग्रहालयात (२०११) खऱ्या कॅरव्हॅनचा इतिहास मांडला आहे.

काळनिश्चिती : मोटारीच्या तळावरील अक्षरे हा काळ ठरविण्याचा पहिला आधार होय. ब्रिटनच्या १८८७ च्या मालखूण अधिनियमानंतर आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची पद्धत रूढ झाली. भारतातही १८८९ मध्ये त्याच धर्तीचा अधिनियम झाला. ‘डी. आर. जी. एम.’ ही जर्मन साम्राज्यातील उपयुक्तता-नमुन्याच्या नोंदणीची खूण १८९१ नंतरची, तर ‘डी. बी. जी. एम.’ ही संघराज्याच्या काळातील, म्हणजे १९४९ नंतरची असते. ‘मेड इन यू. एस. झोन जर्मनी’ हा मजकूर अमेरिकेच्या ताब्यातील प्रदेशात युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या मालावर आढळतो. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ हे शब्द असल्यास वस्तू १९४९ ते १९९० या कालखंडातील समजावी. मात्र नोंदणीची खूण ही कल्पना केव्हा नोंदली गेली ते सांगते, ती विशिष्ट गाडी केव्हा बनली ते नव्हे. यशस्वी नमुने वीस-वीस वर्षे निघत राहिले. शूकोच्या युद्धपूर्व गाड्या युद्धानंतरही त्याच साच्यांतून तयार झाल्या. म्हणून तळावरील मजकुराबरोबर चाकांचा पदार्थ, रंगाची छटा, किल्लीचा आकार आणि खोक्यावरील छपाई यांचा एकत्र विचार करावा लागतो.

दुरुस्ती व बनावट : जुन्या मोटारीला नवा रंग देणे हा संग्रहातील सर्वांत सामान्य व सर्वांत हानिकारक प्रकार होय. मूळ छपाई एकदा रंगाखाली गेली वा खरवडली गेली की ती परत आणता येत नाही. पत्र्याच्या जिभा सरळ करून पुन्हा दुमडल्या तर दुमडीच्या रेषेवर दुहेरी वळण किंवा तडा दिसतो. जिभांवर व खाचांतही रंग पसरलेला असेल, तर गाडी जोडल्यानंतर रंगविली गेली असे समजावे. जंबुपार प्रकाशाखाली अनेक आधुनिक रंग व कागद वेगळे चमकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात शुभ्रता वाढविणारी द्रव्ये वापरली जात असल्यामुळे युद्धपूर्व म्हणून दाखविलेले खोके असे चमकल्यास ते संशयास्पद ठरते. कारखान्यांनी स्वतः काढलेल्या नव्या आवृत्त्या बनावट नव्हेत. पण त्यांवरील नवा मजकूर घासून त्या जुन्या म्हणून विकणे ही फसवणूक होय. दुरुस्ती अपरिहार्य असल्यास ती उलटविता येण्याजोगी असावी व तिची नोंद ठेवावी. बदललेले चाक वा किल्ली फेकून न देता मूळ तुकडे स्वतंत्र पुडीत जपावेत.

जतन : सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांहून अधिक झाली की पत्र्यावर गंज वेगाने चढतो, कोकणात पावसाळ्यात ती पुष्कळदा ८० टक्क्यांपलीकडे असते. म्हणून मुंबई-कोकणात मोटारी बंद काचपेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात व पुड्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या करतात. अहमदनगरसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात गंजाचा धोका कमी असला, तरी उन्हाळ्यातील उष्णतेने रबराची चाके तडकतात व सेल्युलोज ॲसिटेटच्या गाड्या वाकतात. तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू वा राख लावून पत्र्याची मोटार घासणे घातक होय. त्याने गंजाबरोबर छपाईही निघून जाते. मऊ ब्रशाने धूळ झाडणे व हाताळताना सुती हातमोजे वापरणे पुरेसे असते. कपाटात डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. मऊ प्लॅस्टिकच्या टायरांतील द्रव्य झिरपून कठीण प्लॅस्टिकच्या चाकांना खाते, म्हणून गाडी चाकांवर भार न येता आधारावर टेकवून ठेवतात. कमान कधीही पूर्ण पिळून ठेवू नये. दात्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एखादाच थेंब द्यावा.

जस्ताच्या मिश्रधातूच्या गाड्यांना एक अंतर्गत दोष संभवतो. मिश्रधातूत शिसे सु. ०·००५ टक्क्यांहून अधिक मिसळले गेल्यास कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते. गाडी फुगते, तिला भेगा पडतात व शेवटी तिचा भुगा होतो. उष्ण व दमट हवेत ही क्रिया जलद होते. हा दोष एका गाडीवरून दुसरीवर पसरतो, ही समजूत निराधार आहे. तो ओतकामाच्या वेळीच धातूत आलेला असतो व त्यावर उपाय नाही. अशा गाडीची मापे व छायाचित्रे वेळीच घेऊन ठेवणे एवढेच संग्राहकाच्या हाती असते. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असल्यामुळे या मोटारी लहान मुलांना खेळावयास देऊ नयेत.

नोंद : संग्रहातील प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन नोंदवहीत तिचा निर्माता, मापे, तळावरील संपूर्ण मजकूर, अवस्था व मिळाल्याची तारीख लिहितात. याहून महत्त्वाची बाब म्हणजे ती वस्तू कोणाकडे होती, ती त्या घरी कशी आली, तिच्याशी कोण खेळले, ही माहिती. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाती आलेल्या मोटारीची ही साखळी बहुधा तुटलेली असते. पण घरातील माळ्यावर सापडलेल्या मोटारीची साखळी तेथील वडीलधाऱ्यांना विचारून बऱ्याच अंशी जोडता येते. ती माणसे आहेत तोवरच हे शक्य असते. ज्या पिढीच्या बालपणी अशा मोटारी बोटीने वा विमानाने महाराष्ट्रात आल्या, ती पिढी आता वृद्धापकाळात आहे. घर बदलताना वा पाडताना खोके भंगारात जाते, मोटार एकाकडे व कॅरव्हॅन दुसरीकडे जाते. त्यानंतर निर्मात्याचे नाव सूचीपत्रात शोधता येते, मराठी घरातील तिचा इतिहास मात्र कोणत्याही सूचीपत्रात सापडत नाही.

शंभर वर्षांहून जुन्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियमाने बंदी आहे. पत्र्याच्या सर्वांत जुन्या मोटारींनी शंभर वर्षांची ही मर्यादा ओलांडली आहे. तथापि अशा वस्तूचे ऐतिहासिक महत्त्व सिद्ध करावयाचे झाल्यास नोंदवहीतील माहितीखेरीज दुसरा पुरावा सहसा हाती नसतो.